नजरेचा अंदाज आणि उपग्रहाचें माप

विटीदांडूच्या खेळांत एक मौजेची चाल असे. टोला बसून विटी दूर जाऊन पडली, कीं खेळणारा गडी उभ्या जागेवरूनच नजरेनें अदमास घेऊन 'इतके दांडू' अशी मागणी करी. प्रतिपक्षास ती रास्त वाटली तर तेवढे दांडू त्याच्या पदरांत पडत. शंका आली तर दांडू जमिनीवर एकापुढें एक टाकीत मोजणी होई, आणि मागणी मापाहून अधिक ठरली तर गड्याचा डाव जाई. नजर ही त्या खेळांतील एक विद्याच होती, आणि माप हें त्या विद्येवर बसविलेलें न्यायासन होतें. आधीं माप आणि मग मागणी असा क्रम कोणी लावला असता तर गुण बिनचूक मिळाले असते. पण खेळांतील अर्धी गंमत नाहींशी झाली असती.

गोल्फ या खेळांत नेमका हाच क्रम गेल्या पंचवीस वर्षांत उलटला आहे, आणि तो उलटावा कीं नाहीं याविषयीं त्या खेळाच्या शास्त्यांत बराच काळ वाद झाला. त्या वादाचा व त्याच्या मागील दीर्घ इतिहासाचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आम्हांस स्वतःस हा खेळ येत नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. परंतु मनुष्याच्या नजरेचें काम यंत्राकडे जातें तेव्हां काय काय घडतें, हें पाहण्यास याइतकें सोयीचें उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं. आणि पाहण्यासाठीं हातांत काठी धरावीच लागते असें नाहीं.

ज्या वाचकांस या खेळाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. मैदानांत दूरदूर अठरा खळगे असतात. खेळाडू त्यांस 'होल' म्हणतात. प्रत्येक खळगा बारीक कातरलेल्या हिरवळीवर असून त्यांत ध्वज रोवलेला असतो. चेंडू कमींत कमी फटक्यांत त्या खळग्यांत घालावयाचा, एवढाच खेळ. खेळाडूच्या थैलींत चौदाहून अधिक काठ्या नसाव्या असा नियम अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं झाला. या काठ्यांच्या तोंडाचा कल निरनिराळा असल्यामुळें सारख्याच जोरानें मारलें तरी एकीनें चेंडू दीडशें वार जातो, तर तिच्या शेजारचीनें एकशें चाळीस वारच जातो. तेव्हां ध्वज किती वारांवर आहे हें ठाऊक नसेल तर थैलींतून कोणती काठी काढावी हेंच कळत नाहीं. फटका कितीहि सुरेख बसो, काठी चुकली कीं चेंडू वाळूच्या खड्ड्यांत. या खड्ड्यास 'बंकर' म्हणतात.

आज मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूच्या मनगटावर बहुधा घड्याळासारखें एक उपकरण असतें, नाहीं तर हातांत दुर्बिणीसारखें दुसरें. पहिलें उपकरण सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत घेऊन आपण पृथ्वीवर कोठें उभे आहों हें ठरवितें, आणि हिरवळीची पुढची कड, मध्य व मागची कड यांचीं अंतरें आंकड्यांत दाखवितें. हीच जीपीएसची युक्ति. दुसरें उपकरण लेसरचा किरण ध्वजावर टाकून तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतें. दीडशें वार जाऊन परत येण्यास प्रकाशास एका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनहि किंचित् कमी वेळ लागतो. तो वेळ मोजून, त्यावरून गणित करून, उत्तर एका वाराच्या फरकानें बरोबर देणारें यंत्र आतां खिशांत मावतें. येथपर्यंत खेळ कसा आला?

आरंभीं या खेळांत मापाचा गंधहि नव्हता. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें १४५७ सालीं हा खेळ बंद करण्याचें फर्मान काढलें, कारण लोक धनुर्विद्येचा सराव टाकून गोल्फ व फुटबॉल यांच्या नादीं लागले होते. हीच बंदी पुढें १४७१ व १४९१ सालीं पुनः घालावी लागली; यावरून पहिल्या दोन बंद्या लोकांनीं कितपत जुमानल्या असतील याचा अंदाज करतां येतो. एडिंबरोजवळ लीथ येथें १७४४ सालीं खेळाचे पहिले लेखी नियम झाले. ते तेराच होते. त्यांत आरंभाचा चेंडू मागल्या खळग्यापासून एका काठीच्या लांबीच्या आंत ठेवावा असें सांगितलें आहे. आमच्या विटीदांडूप्रमाणेंच खेळाची काठी हेंच मोजण्याचें साधन! पुढें किती अंतर आहे, हें नियमकर्त्यांस सांगावेंसें वाटलें नाहीं; तें ज्याचें त्यानें पाहावें.

आणि अंतर मोजून ठेवण्यांत त्या काळीं अर्थहि फारसा नव्हता. चेंडू कातड्याच्या पिशवींत पिसें ठासून केलेला असे. कुशल कारागिराच्या हातूनहि दिवसाकांठीं तीन-चारच चेंडू होत, आणि भिजलेला चेंडू सुक्याइतका जात नसे. १८४८ च्या सुमारास मलायांतील झाडांच्या चिकापासून केलेला 'गटापर्चा'चा चेंडू आला. तो स्वस्त, टिकाऊ आणि पुष्कळ एकसारखा. सेंट अँड्रूजचा अॅलन रॉबर्टसन हा त्या वेळचा पहिल्या प्रतीचा खेळाडू, आणि पिसांच्या चेंडूंचा कारखानदारहि. नव्या चेंडूनें आपला धंदा बुडणार हें ओळखून त्यानें त्यास कडवा विरोध केला. त्याचा सहायक टॉम मॉरिस हा एकदां नव्या चेंडूनें खेळतांना त्याच्या दृष्टीस पडला, आणि दोघांची फारकत झाली. चेंडू मात्र राहिला. रॉबर्टसन १८५९ सालीं वारला, व दुसऱ्याच वर्षीं प्रेस्टविक येथें आतां सर्वश्रेष्ठ कोण हें ठरविण्यासाठीं जी स्पर्धा झाली तीच आजची प्रख्यात 'ओपन'. नव्या साधनास विरोध करणारा नेहमीं अडाणीच असतो असें नाहीं. पुष्कळदां त्या साधनामुळें आपलें काय जाणार हें त्यास इतरांपेक्षां अधिक चांगलें दिसत असतें. रॉबर्टसनची गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली ती यासाठीं.

जमीन साखळीनें मोजून तिचे वार लिहिण्याची रीति रुळली, पण ती खेळाडूसाठीं नव्हे, हिशेबासाठीं. अमेरिकेच्या गोल्फसंघानें १९११ सालीं होलच्या लांबीवरून 'पार' म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या ठरवून दिली: २२५ वारांपर्यंत तीन, ४२५ पर्यंत चार, ६०० पर्यंत पांच. त्यामुळें आरंभापासून खळग्यापर्यंत एकूण किती वार हें पत्रकावर छापलें जाऊं लागलें. परंतु खेळाडूचा चेंडू मध्येंच कोठें तरी गवतांत पडलेला असतो. तेथून पुढें किती, हें पत्रक सांगत नाहीं. तें डोळ्यांनीं पाहावयाचें, किंवा सोबतच्या कॅडीस विचारावयाचें.

आतां या डोळ्यांस फसविण्याचीहि एक कला होती, आणि तिचा आचार्य अॅलिस्टर मॅकेंझी. हा मूळचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत तो इंग्रज सैन्याबरोबर होता, आणि तेथें बोअरांनीं आपले खंदक आसपासच्या भूमीशीं असे बेमालूम मिळवून टाकलेले त्यानें पाहिले कीं, इंग्रज तुकड्यांस ते जवळ जाईपर्यंत दिसूं नयेत. ही विद्या त्यानें दोन कामीं लावली. पहिल्या महायुद्धांत सैन्याच्या लपणविद्येसाठीं, आणि आयुष्यभर गोल्फची मैदानें रचण्यासाठीं. या रचनेंतील एक युक्ति अशी. हिरवळीच्या बरीच अलीकडे एक बंकर खोदावयाचा व त्याची पलीकडची कड उंच ठेवावयाची. दुरून पाहणाऱ्यास ती कड आणि हिरवळ एकमेकींस चिकटलेलीं दिसतात. मधला वीस-तीस वारांचा सखल पट्टा दृष्टीआड होतो. खेळाडूस वाटतें ध्वज जवळ आहे. तो लहान काठी काढतो आणि चेंडू अलीकडेच पडतो. कॅलिफोर्नियांतील सायप्रस पॉइंट, बॉबी जोन्सच्या साह्यानें रचलेलें जॉर्जियांतील ऑगस्टा नॅशनल, हीं मॅकेंझीचीं प्रसिद्ध कामें.

असल्या रचनेपुढें लेसरचें उपकरण धरलें कीं काय होईल हें सांगावयास नकोच. बंकर १२० वार, ध्वज १५०, झालें. बोअर युद्धापासून चालत आलेली सारी माया एका आंकड्यानें विरून जाते. मॅकेंझी आज असता तर त्यानें या उपकरणास विरोध केला असता, असें कोणास वाटेल. पण येथें इतिहास थोडा थट्टेखोर आहे. सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानाचा प्रत्येक बंकर, प्रत्येक उंचवटा दाखविणारा नकाशा १९२४ सालीं काढला तो याच मॅकेंझीनें. त्या मैदानावरील कित्येक बंकर आरंभाच्या जागेवरून दिसतच नाहींत, आणि त्यांचें ज्ञान हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या कॅडींचें वतन होतें. तें त्यानें मोजून कागदावर आणलें. दृष्टीस फसविणें ज्याचा व्यवसाय, त्यासच मोजण्याची हौस अधिक. यांत आम्हांस विरोध वाटत नाहीं. फसवावयाचें तर आधीं स्वतःस खरें अंतर ठाऊक असावें लागतें.

तरीहि खेळाडू स्वतः मोजमाप करीत नसत. बॉबी जोन्स असो कीं बेन होगन असो, त्यांचें कौशल्य नजरेचें होतें. ही परंपरा मोडली कॅलिफोर्नियांतील जीन अँड्रूज नांवाच्या एका हौशी खेळाडूनें. स्पर्धेपूर्वीं मैदानावर जाऊन अमुक झाडापासून, अमुक बंकरापासून हिरवळ किती पावलें, हें तो चालून मोजी व टिपून ठेवी. त्याची ही रीति डीन बीमन या खेळाडूनें उचलली, आणि बीमननें ती आपला तरुण मित्र जॅक निकलॉस यास सांगितली. १९६१ सालीं पेबल बीच येथें अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. समुद्रकांठ, वारा, मोकळें आकाश. नजर तेथें सहज फसावी. निकलॉसनें तेथें पावलें मोजलीं, टिपणें केलीं, आणि स्पर्धा जिंकली. पुढें त्यानें अठरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि त्याचें पाहून सगळ्यांनींच खिशांत टिपणवही बाळगण्यास आरंभ केला. मग त्या वह्या छापून विकल्या जाऊं लागल्या. थोडक्यांत, अंतर आंकड्यांत कळणें हा बदल उपग्रहांनीं केलेला नाहीं. तो त्यांच्या आधीं चाळीस वर्षें, दोन पायांनीं झाला होता. यंत्राच्या विरोधकांस या गोष्टीचें विस्मरण होतें असें आम्हांस दिसतें.

उपग्रहांची कथा वेगळ्याच ठिकाणीं सुरू होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें 'स्पुटनिक' आकाशांत सोडला. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख हे दोघे तरुण शास्त्रज्ञ त्याचे संकेत ऐकत बसले. आगगाडी जवळ येतांना शिटीचा स्वर चढतो व दूर जातांना उतरतो, तसाच या संकेताचा सूर बदलत होता; त्या चढउतारावरून त्यांनीं उपग्रहाचा मार्ग काढला. दुसऱ्या वर्षीं त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूअर यांनीं प्रश्न उलटा केला. आपली जागा ठाऊक असतां उपग्रहाची जागा काढतां येते, तर उपग्रहाची जागा ठाऊक असतां आपली कां काढतां येऊं नये? समुद्राखालून फिरणाऱ्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांस याचीच गरज होती. 'ट्रान्झिट' नांवाची ही योजना १९६४ पासून अमेरिकन आरमाराच्या उपयोगीं पडूं लागली. तिच्यापेक्षां पुष्कळ अधिक समर्थ अशा जीपीएस योजनेचा आराखडा कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखालीं १९७३ सालीं ठरला, पहिला उपग्रह १९७८ च्या फेब्रुवारींत गेला, आणि चोवीस उपग्रहांची माला पूर्ण कार्यक्षम झाल्याचें १९९५ सालीं जाहीर झालें.

तिचें तत्त्व लेसरप्रमाणेंच काळ मोजण्याचें आहे. प्रत्येक उपग्रह 'या क्षणीं मी येथें आहें' असें सतत सांगत असतो. तें ऐकूं येण्यास किती विलंब लागला यावरून तो किती दूर आहे हें कळतें. तीन उपग्रहांवरून जागा निघावी. पण मनगटावरील घड्याळ स्वस्त व चुकीचें असल्यामुळें तें सुधारण्यास चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर अंतरांत तीनशें मीटरांची चूक होते. उपग्रहांवरील आण्विक घड्याळें आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणें भूमीवरील घड्याळांपेक्षां दररोज ३८ दशलक्षांश सेकंद पुढें धांवतात, व तेवढी दुरुस्ती आधींच करून ठेवावी लागते. न केली तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक साठेल. कोणती काठी काढावी या प्रश्नाच्या पोटांत सापेक्षतासिद्धान्त दडलेला आहे, हें पाहून आम्हांस तरी मोठी मौज वाटली.

येथें हिंदुस्थानचाहि एक धागा येऊन मिळतो. उपग्रहानें आपली जागा सांगावयाची ती पृथ्वीच्या कोणत्या आकारावर? पृथ्वी दोन्ही ध्रुवांकडे चपटी आहे. पण किती, हें मोजण्याच्या जगांतील मोठ्या खटाटोपांपैकीं एक आपल्या भूमीवर झाला. विल्यम लॅम्बटननें १८०२ सालीं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशीं शंभर फुटांची पोलादी साखळी टाकून सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजली, आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. अर्ध्या टनाचें त्याचें कोनमापक यंत्र १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवितांना आपटून मोडलें. तें त्यानें स्वतः बसून सुधारलें. नागपूरच्या वाटेवर, वर्ध्याजवळील हिंगणघाट येथें २० जानेवारी १८२३ रोजीं तो वारला, आणि त्याची कबर तेथेंच आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनें या मोजणीवरून पृथ्वीच्या आकाराचें जें माप १८३० सालीं बांधलें, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे दीड शतकाहून अधिक काळ काढले गेले. जीपीएसचें मान याहून निराळें आहे. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसच्या उपकरणांत भरले तर महाराष्ट्रांतहि शंभर मीटरांच्या आसपास जागा सरकते. म्हणजे हिरवळीऐवजीं चेंडू शेजारच्या होलवर! यासाठींच गोल्फच्या उपकरणांत भरावयाचे नकाशे नव्यानें, त्याच मानावर, काढावे लागतात. लॅम्बटनची साखळी व मनगटावरील घड्याळ यांच्यांत दोनशें वर्षें आहेत. पण मोजणाऱ्याची मुख्य चिंता तीच आहे, कीं दोन्ही टोंकें एकाच मापानें मोजलीं गेलीं पाहिजेत.

युद्धासाठीं निघालेली ही योजना नागरिकांच्या हातीं कशी आली, याविषयीं एक समजूत सर्वत्र आढळते. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें; सोव्हिएट लढाऊ विमानानें तें पाडलें आणि २६९ माणसें मेलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही योजना पूर्ण झाल्यावर सर्व जगास मोफत उपलब्ध होईल अशी घोषणा केली. घोषणा खरी आहे. पण तिच्यामुळेंच नागरिकांस प्रथम वाट मोकळी झाली हें खरें नव्हे, कारण नागरी उपयोगासाठीं वेगळा उघडा संकेत मूळ आराखड्यांतच होता. त्या दुर्घटनेनें एका विद्यमान सोयीस अभिवचनाचें रूप दिलें, एवढेंच म्हणतां येईल. शिवाय त्या उघड्या संकेतांत सैन्याकडून बुद्ध्या चूक मिसळली जात असे, व त्यामुळें जागा शंभर मीटरांपर्यंत चुके. शंभर मीटरांची चूक जहाजास चालेल. दहा वारांच्या फरकानें काठी बदलणाऱ्या खेळाडूस तिचा काय उपयोग? म्हणून १९९० नंतरच्या दशकांत जीं उपकरणें मैदानांवर आलीं तीं खेळाडूंच्या मोटारगाड्यांवर बसविलेलीं असत, आणि जवळच एक स्थिर केंद्र उभारून ही चूक काढून टाकावी लागे. केंद्राची जागा नक्की ठाऊक असल्यामुळें संकेतांत किती चूक मिसळली आहे हें त्यास कळे, व तेवढी दुरुस्ती तें गाड्यांस कळवी. सरकारनें घातलेली खोट क्लबानें पदरचे पैसे खर्चून काढावयाची, असा तो मामला होता.

मे २००० च्या आरंभीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें ही मिसळ बंद झाली. एका रात्रींत जगांतील प्रत्येक उपकरण सुमारें दसपट अचूक झालें, व स्थिर केंद्राची गरज उरली नाहीं. खिशांतील व मनगटावरील गोल्फ-उपकरणें खऱ्या अर्थानें तेव्हांपासूनचीं. ज्यानें एका आज्ञेनें दिलें त्यास तें तसेंच काढूनहि घेतां येईल, हा विचार इतर राष्ट्रांच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. भारतानें २०१३ ते २०१६ या काळांत स्वतःची उपग्रहमाला आकाशांत सोडली ती अर्थात् गोल्फसाठीं नव्हे.

नियमांची कथा याच सुमारास सुरू होते. अंतर मोजण्यासाठीं कृत्रिम साधन वापरूं नये असा स्पष्ट नियम होता, आणि तो मोडल्यास शिक्षा होती. २००६ च्या आरंभीं शास्त्यांनीं एक पळवाट ठेवली: एखाद्या क्लबास वाटलें तर स्थानिक नियम करून अशीं उपकरणें वापरूं द्यावीं. २०१९ च्या नव्या नियमांनीं हें उलटें केलें. उपकरण वापरण्यास मोकळीक, आणि ज्यास नको असेल त्यानें स्थानिक बंदी घालावी. तेरा वर्षांत अपवादाचा नियम झाला व नियमाचा अपवाद. २०२१ सालीं किआवा बेटावरील पीजीए स्पर्धेंत हीं उपकरणें प्रथमच एका मोठ्या स्पर्धेंत चालूं दिलीं. ती स्पर्धा फिल मिकेलसननें वयाच्या पन्नासाव्या वर्षीं जिंकली. इतक्या वयांत मोठी स्पर्धा त्यापूर्वीं कोणींहि जिंकली नव्हती. उपकरणामुळें तो जिंकला असें म्हणणें मात्र वेडेपणाचें होईल. तें सर्वांजवळच होतें.

मोकळीक देतांना शास्त्यांनीं जी रेघ ओढली ती आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते. अंतर मोजावें, पण चढ-उतार मोजणारें यंत्र सामन्यांत चालूं ठेवूं नये. वाऱ्याचा वेग यंत्रानें मोजूं नये. इतकेंच काय, वारा कळावा म्हणून भुकटी उधळूं नये, कीं फीत धरूं नये. मात्र गवताची चिमूट खुडून हवेंत सोडावयास हरकत नाहीं! २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांत हिरवळीच्या उताराचे सूक्ष्म नकाशे वापरण्यावरहि बंधनें आलीं. तात्पर्य, अंतर ही वस्तुस्थिति आणि वारा हा विवेकाचा विषय, अशी विभागणी झाली. परंतु १९६१ पूर्वीं अंतर हाहि विवेकाचाच विषय होता. रेघ निसर्गानें ओढलेली नाहीं. ती समितीनें ओढलेली आहे, आणि एकदां सरकलेली आहे.

आतां या उपकरणानें खेळ सुधारतो काय? कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं लक्षावधि फटक्यांच्या नोंदींवरून असें दाखविलें, कीं चांगल्या व सामान्य खेळाडूंतील फरकाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग शंभर वारांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. हिरवळीवर चेंडू घरंगळविण्याचें कसब लोक समजतात तेवढें निर्णायक नसतें. अंतराचें ज्ञान जेथें लागतें तेथेंच खेळ ठरतो, हें उपकरणाच्या बाजूचें मोठें प्रमाण होय. पण त्यांत एक गोम आहे. ध्वज १५० वारांवर आहे हें उपग्रह सांगेल. आपल्या कोणत्या काठीनें चेंडू १५० वार जातो हें तो सांगणार नाहीं. हौशी खेळाडू बहुधा आपल्या आयुष्यांतील उत्कृष्ट फटका हीच आपली सरासरी समजतो, आणि म्हणून त्याचा चेंडू ध्वजाच्या पलीकडे जाण्याऐवजीं वारंवार अलीकडे पडतो. अशास उपकरणाचा खरा उपयोग दुसराच आहे: फटका मारल्यावर चेंडू पडला तेथें चालत जाऊन, तो प्रत्यक्ष किती गेला हें पाहावें व लिहून ठेवावें. महिनाभर असें केलें कीं अहंकाराची बरीच छाटणी होते. ध्वजाकडे न पाहतां हिरवळीच्या मध्याचा आंकडा धरावा, हाहि जाणत्यांचा उपदेश आहे. ध्वज रोज जागा बदलतो, मध्य बदलत नाहीं. उपग्रहाच्या उपकरणास ध्वज दिसत नाहीं हें त्याचें वैगुण्य समजतात; सामान्य खेळाडूच्या बाबतींत तो त्याचा गुणच म्हणावा. लेसरचें उपकरण ध्वजाचें अंतर नेमकें देतें, पण मध्यें टेकाड आलें कीं तें आंधळें होतें, आणि हात हलला तर ध्वजामागील झाडाचेंच अंतर सांगून मोकळें होतें.

राहिला कॅडी. हा शब्द फ्रेंच 'कॅडेट' यापासून आला. हिंदुस्थानांत हा खेळ फार लौकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. आपल्याकडच्या मैदानांवर एक खास हुद्दाहि रूढ झाला: 'आगेवाला'. चेंडू कोठें पडतो हें पाहण्यासाठीं जो पुढें जाऊन उभा राहतो तो आगेवाला. अमेरिकेंत मोटारगाड्यांनीं कॅडींस पुष्कळ ठिकाणीं हुसकून लावलें. आपल्याकडे ते राहिले, कारण त्यांची मजुरी स्वस्त होती. हें कारण फारसें भूषणावह नाहीं. तरी त्यांतूनच एक वाट निघाली होती. मैदानालगतच्या वस्तींतील पोरगा थैली वाहण्यास येई, साहेबाचा खेळ पाही, मोडक्या काठीनें फटके मारी, आणि एखादा त्यांतून वर येई. १९९१ व १९९३ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा याच वाटेनें आलेला. त्या पोराचें भांडवल काय? नजर आणि भूमीची ओळख. 'साहेब, दिसतें त्याहून एक काठी जास्त घ्या' हें सांगतां येणें. आतां साहेबाच्या मनगटावर आंकडा आहे, व पोराचें बोलणें त्या आंकड्याशीं ताडून पाहिलें जातें. विटीदांडूंतील मागणीप्रमाणें त्याचीहि मोजणी होते. मात्र मोजणारा दुसराच, आणि डाव जातो तो एकट्या पोराचा.

किआवा येथें व्यावसायिकांच्या कॅडींनीं उपकरण घेतलें, पण टिपणवही टाकली नाहीं. बंकरापलीकडे जागा किती, कोणत्या बाजूस चेंडू घरंगळतो, हें वहींतच सांपडतें. आपल्याकडील कॅडींची वही त्यांच्या डोक्यांत आहे. पावसाळ्यानंतर कोणती हिरवळ किती दिवस चेंडू धरून ठेवते, सायंकाळीं वारा कोणत्या होलवर फिरतो, कोणत्या टेकाडापलीकडची जमीन डोळ्यांस फसविते, हें ते जाणतात, आणि कोणत्याहि उपग्रहास तें दिसत नाहीं. मॅकेंझीनें १९२४ सालीं सेंट अँड्रूजसाठीं जें केलें तें आपल्या जुन्या मैदानांच्या चालकांनीं करावें. वृद्ध कॅडींस सोबत घेऊन प्रत्येक होल चालावा, ते सांगतील तें टिपावें, आणि वही छापली गेली तर तिच्यावर त्यांचीं नांवें घालून तिच्या विक्रींतील वांटा त्यांस द्यावा. क्लबांच्या वार्षिक खर्चांत ही रक्कम दिसणारहि नाहीं.